वरचे दूध किती, कोणते आणि कुठपर्यंत: एका वाचक भगिनींच्या आक्षेपांना उत्तर

सप्रेम नमस्कार.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाला अंगावर पाजण्याविषयी मी लिहिलेल्या लेखावर आपण सविस्तर आक्षेप घेतले आहेत. इतर वाचकांसाठी ते आधी थोडक्यात मांडते. वजनाच्या आकड्यांवरून वरचे दूध देण्याला मान्यता देऊन मी पावडरच्या कंपन्यांना दार उघडून दिले, असे आपले म्हणणे आहे. प्रत्येक आईला आपल्या बाळापुरते दूध येतेच, बाळ मागेल तेव्हा पाजले की पुरे, आणि आपला मुलगा आठव्या महिन्यात जन्मूनही निव्वळ अंगावरच्या दुधावर वाढला, असेही आपण लिहिले आहे. शेवटी आपण आपल्या भाचीविषयी लिहिले आहे. तिची मुलगी पस्तिसाव्या आठवड्यात जन्मली, जन्माचे वजन १९०० ग्रॅम होते, सहाव्या दिवशी ते १७२० ग्रॅम भरले, आणि डॉक्टरांनी दर दोन तासांनी अंगावर पाजून झाल्यावर १५ मिली फॉर्म्युला (बाळासाठीच्या पावडरीचे दूध) द्यायला सांगितले आहे. माझा लेख वाचून ती खचली आणि आपण तिला फॉर्म्युला देऊ नकोस असे बजावले आहे. या शेवटच्या वाक्यामुळे हे उत्तर मी उद्यावर ढकलू शकत नाही.

नवजात अतिदक्षता विभागात स्तनपान समुपदेशक म्हणून काम करताना मी आयांना जे सांगते, तेच येथे सांगणार आहे. बाळाला आईचेच दूध मिळावे या आग्रहात आपण आणि मी एकाच बाजूला उभ्या आहोत. आपला मतभेद ‘बाळ मागेल तेव्हा पाजावे’ या सूत्राबद्दल आहे. पूर्ण दिवसांच्या, धडधाकट बाळासाठी ते सूत्र उत्तम आहे, पण पस्तिसाव्या आठवड्यात जन्मलेले बाळ पुरेसे मागतच नाही, आणि सगळी अडचण तिथूनच सुरू होते. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास बसू लागतो आणि पुढचे काही आठवडे तो कच्चाच असतो. यकृतातला साखरेचा साठा आणि अंगाखालची चरबी गर्भारपणाच्या शेवटच्या आठवड्यांत जमते, ती या बाळाला पुरती मिळालेली नसते. त्यामुळे ते लवकर गारठते, लवकर थकते, चार-पाच मिनिटे चोखून झोपी जाते, आणि पाहणाऱ्याला वाटते की पोट भरले म्हणून शांत झोपले. पोटात कमी गेले की कावीळ वाढते, रक्तातली साखर उतरते, शरीरातले पाणी कमी होऊन सोडियम चढते. यांतल्या प्रत्येक गोष्टीने बाळ आणखी सुस्त होते आणि आणखी कमी चोखते. या फेऱ्यात सापडलेले बाळ रडून सांगत नाही. म्हणून त्याला घड्याळ लावून, झोपेतून उठवून, दोन ते तीन तासांनी पाजावे लागते आणि वजनकाट्याकडे पाहावे लागते.

दुसरी गोष्ट आईच्या बाजूची. स्तनातून जेवढे दूध वेळच्या वेळी बाहेर निघते, तेवढे पुढे तयार होते. दूध साचून राहिले की शरीर निर्मिती कमी करते. पूर्ण दिवसांचे बाळ हे काम आपल्या चोखण्याने आपोआप करते. अशक्त बाळ ते करू शकत नाही, आणि म्हणून ‘फक्त अंगावरच पाज’ असा सल्ला अशा आईला दिला, तर पंधरा दिवसांत बाळाचे वजनही घटलेले असते आणि पान्हाही आटत आलेला असतो. आपण म्हणता की प्रत्येक आईला दूध येतेच. बहुतेक आयांच्या बाबतीत ते खरे आहे, पण दिवस भरण्याआधी झालेले बाळंतपण, सिझेरियन, मधुमेह यांमुळे ते भरून यायला उशीर लागू शकतो, आणि आलेले टिकवण्यासाठी बाळ करू शकत नसलेले काम आईच्या हाताने किंवा पंपाने करावे लागते. दिवसरात्रीत किमान आठ वेळा, शक्य तर दहा-बारा वेळा, आणि त्यातले निदान एकदा मध्यरात्रीनंतर. पहिल्या दोन-तीन दिवसांत चीक हातानेच अधिक चांगला निघतो. तो चमच्यावर धरून थेंब न थेंब बाळाला द्यावा, नंतर पंप वापरावा. माझ्या पाहण्यात ज्या आया पहिल्या सहा तासांत दूध काढायला लागतात, त्यांची वाट पुढे बरीच सोपी होते. आणि खेदाची गोष्ट अशी की बाळ पेटीत गेले की पुष्कळ ठिकाणी आईला हे कोणी सांगतच नाही.

आता आपल्या भाचीच्या मुलीचा हिशेब पाहू, कारण तत्त्वावर वाद घालण्यापेक्षा हा हिशेब तिच्या अधिक उपयोगाचा आहे. तिच्या वजनात सुमारे साडेनऊ टक्के घट आहे. या वयात तिला दिवसाला साधारणपणे दर किलोमागे १५० मिली दूध लागेल, म्हणजे जन्मवजन धरून सुमारे २८५ मिली. दर दोन तासांनी पाजले तर बारा वेळा, प्रत्येक वेळी साधारण २४ मिली. डॉक्टरांनी १५ मिली सांगितले, याचा अर्थ उरलेले सुमारे नऊ मिली ती अंगावर पिते असे त्यांनी धरले आहे. हा अंदाज तपासता येतो: दोन ग्रॅमपर्यंत अचूक असलेल्या काट्यावर, त्याच कपड्यांत आणि त्याच लंगोटात, पाजण्याआधी आणि पाजल्यावर बाळाचे वजन करावे. वाढलेला प्रत्येक ग्रॅम म्हणजे जवळजवळ एक मिली दूध. चार-पाच वेळा असे मोजले की किती वरून द्यायचे हे कोणाच्या मतावर अवलंबून राहत नाही.

आणि ते १५ मिली फॉर्म्युलाच असले पाहिजेत असे नाही. मूळ लेखातला माझा सगळा आग्रह येथे होता. वरून द्यायचे दूध म्हणजे सर्वप्रथम आईचे स्वतःचे काढलेले दूध. भाचीने पाजून झाल्यावर दूध काढले आणि १० मिली निघाले, तर पुढच्या खेपेला फॉर्म्युला ५ मिली लागेल. १५ निघाले तर त्या खेपेला शून्य. आईचे दूध कमी पडले तर दुसरा पर्याय मातृदुग्धपेढीतले, म्हणजे इतर आयांनी दान केलेले आणि तपासून ठेवलेले दूध, आणि ते मिळत नसेल तर फॉर्म्युला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कमी वजनाच्या आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी ज्या शिफारशी केल्या, त्यांतही हाच क्रम आहे. फॉर्म्युला शेवटी ठेवण्याचे कारण भावनिक नाही. फार लहान बाळांमध्ये आतड्याचा दाह होऊन आतड्याचा भाग निकामी होण्याचा जो भयंकर आजार होतो, त्याचा धोका फॉर्म्युल्यावर वाढतो, दात्या आईच्या दुधावर तो कमी राहतो, हे अनेक अभ्यासांतून दिसले आहे.

दुग्धपेढी मुंबई-पुण्याबाहेर बहुतेकांना कागदावरच दिसते, ही आपली टीका मात्र मला पूर्णपणे पटते. आशियातली पहिली मातृदुग्धपेढी मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये उभी केली. दात्या आयांची तपासणी, मग ६२.५ अंशांवर तीस मिनिटे पाश्चरीकरण, मग दुधाची जंतुचाचणी, ही पद्धत महाराष्ट्राला इतकी वर्षे माहीत आहे, आणि तरीही लहान शहरात बाळंत झालेल्या आईला तिचा आधार मिळणे हा नशिबाचा भाग ठरतो. जे दूध उपलब्ध असते तेही साहजिकच दीड किलोच्या आतल्या बाळांना आधी दिले जाते, त्यामुळे १९०० ग्रॅमच्या मुलीला ते मिळेलच असे नाही. यावर उपाय म्हणून शेजारच्या बाळंतिणीचे न तपासलेले दूध घेऊ नये, ही विनंती. एचआयव्ही आणि कावीळ-ब यांची तपासणी दुग्धपेढीत होते ती विनाकारण नव्हे.

कंपन्यांबद्दल आपण लिहिलेला शब्द न् शब्द मला मान्य आहे. १९९२ च्या कायद्याने आणि त्यातल्या २००३ च्या दुरुस्तीने आपल्या देशात बाळाच्या दुधाच्या पावडरीची जाहिरात, मोफत नमुने, डब्यावर बाळाचे चित्र या सगळ्यांना बंदी आहे, आणि ती असलीच पाहिजे. परंतु कंपन्यांना जो शिरकाव मिळतो, तो मोजून दिलेल्या, लिहून दिलेल्या आणि थांबवण्याची वेळ ठरवलेल्या १५ मिलीमधून मिळत नाही. ‘दूध कमी आहे, डबा आणा’ एवढ्याच तोंडी वाक्यातून तो मिळतो, कारण त्यात प्रमाण नसते, मुदत नसते, आईने दूध काढत राहावे याची आठवण नसते. त्याचबरोबर मला हेही दिसते की ज्या घरात फॉर्म्युला निषिद्ध ठरतो, तिथे भुकेल्या बाळाला पुष्कळदा पिशवीतले दूध पाणी घालून, नाहीतर मध किंवा गुटी चाटवली जाते. अशा बाळाच्या मूत्रपिंडाला आणि आतड्याला हे फॉर्म्युल्यापेक्षा कितीतरी घातक आहे.

आपला मुलगा आठव्या महिन्याचा असून निरोगी वाढला, याचा मला खरोखर आनंद आहे, आणि त्यामागे आपले अपार कष्ट असणार. पण त्या काळी जी बाळे हळूहळू सुकत गेली, त्यांच्या आया आज असा अभिप्राय लिहायला येत नाहीत. त्या बाळांची नावेही ठेवली गेली नव्हती. आपल्या बाजूने याहून भक्कम पुरावा आहे, तो गडचिरोलीचा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तिथल्या खेड्यांत घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला, आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. इस्पितळ आणि डबा नसताना लहान बाळे जगवता येतात, हे त्यातून निर्विवादपणे दिसले. मात्र तिथे गावातली प्रशिक्षित आरोग्यदूत बाई पुन्हा पुन्हा घरी येत होती, बाळाचे वजन करत होती, ऊब आणि पाजणे पाहत होती, आजाराची चिन्हे ओळखत होती. आज आशाताई बाळंतपणानंतर ४२ व्या दिवसापर्यंत ठरावीक दिवशी घरी येतात, त्याचा उगम तिथेच आहे. आईच्या दुधावरचा विश्वास तिथे यशस्वी झाला, कारण त्याच्या जोडीला काटा होता.

आता भाचीसाठी. तिने डॉक्टरांना विचारावे: हे १५ मिली माझ्या काढलेल्या दुधाचे असले तर चालतील ना? पुढचे वजन कधी करायचे? वजन रोज किती वाढले म्हणजे वरचे दूध कमी करायचे? (या बाळासाठी दिवसाला २५ ते ३० ग्रॅम ही समाधानकारक वाढ आहे.) वरचे दूध बाटलीने न देता बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने द्यावे, किंवा समुपदेशक जवळ असेल तर स्तनाला चिकटवलेल्या बारीक नळीने, म्हणजे ते पिताना बाळ अंगावरच राहते. फॉर्म्युला करावा लागला तर ७० अंशांपेक्षा थंड नसलेल्या पाण्यात, डब्यावरच्या मापानेच करावा, पाजण्याजोगा निववून लगेच द्यावा आणि उरलेला टाकून द्यावा, कारण ती पावडर निर्जंतुक नसते. अंगावर पाजणे, वरचे देणे आणि दूध काढणे हे तिन्ही मिळून तासाभरात संपले पाहिजे. नाहीतर ना आई झोपेल ना बाळ. बाळ अंगावर दहा-पंधरा मिनिटांनी चोखायचे थांबले की पुढे ताणू नये.

या कामात आपण स्वतः मोठा आधार होऊ शकता. वाटी-बोंडले उकळणे, भाची दूध काढत असताना बाळाला वरचे पाजणे, आणि बाळाला उघड्या छातीशी धरून वर पांघरूण घेणे, म्हणजेच १९७८ मध्ये बोगोटा शहरात सुरू झालेली कांगारू पद्धत, हे सर्व आईखेरीज इतरांनाही करता येते. आई झोपलेली असताना ते वडिलांनी आणि आपण करावे. दिवसातले आठ तास तरी बाळ कोणाच्या तरी अंगाशी असावे, आणि त्यातला शक्य तेवढा वेळ आईच्या. त्याने बाळाची ऊब टिकते आणि आईचा पान्हाही वाढतो. अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू जरूर करावेत, पण ते दूध काढण्याच्या जागी नव्हेत. बाळ मूळ अपेक्षित तारखेच्या जवळ येईल तसतसे त्याचे चोखणे जोमदार होते, आणि बहुतेक वेळा वरचे दूध टप्प्याटप्प्याने, आधी दिवसाच्या एक-दोन खेपांतून आणि मग रात्रीच्या, काढून घेता येते. ते एकदम बंद करू नये.

आज रात्रीपुरते एवढेच सांगते, की पुढचे वजन होईपर्यंत डॉक्टरांनी सांगितलेले १५ मिली तिला द्यायला सांगा, शक्य तेवढे तिच्या स्वतःच्या दुधाचे. बाळ उठवूनही उठत नसेल, चोवीस तासांत सहापेक्षा कमी वेळा लंगोट ओला होत असेल, तळहात-तळपाय पिवळे दिसत असतील, अंग गार किंवा तापलेले लागत असेल, किंवा श्वास मिनिटाला साठपेक्षा जास्त चालत असेल, तर सकाळची वाट न पाहता तिला इस्पितळात न्या. पुढचे वजन झाले की आकडा येथेच कळवा. त्यावरून वरचे दूध किती कमी करता येईल याबद्दल डॉक्टरांशी काय बोलायचे, ते मी लिहीन.