प्रश्नोत्तराचा तास परत वाया

सकाळी ११ ला लोकसभा सुरू होते, कोथरूडात दुकानाचं शटर वर केलं की मी मोबाईलवर लावतो, तर पाच मिनिटांत घोषणा, फलक, सगळे हौद्यात (अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत) आणि कामकाज १२ पर्यंत तहकूब. अरे रोज तेच! हा पहिला तास प्रश्नोत्तराचा, यादीत २० तारांकित प्रश्न असतात, मंत्र्याला उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागतं, वर पुरवणी प्रश्न येतात, खरा कस तिथेच लागतो ना. तास बुडाला की नुसतं लेखी उत्तर, उलट विचारायची सोयच नाही. वडील रोज विचारतात, आज काय झालं रे संसदेत? काय सांगू त्यांना? सत्तेत कोणीही असो, विरोधात कोणीही असो, चीड येते हो. भांडा की १२ नंतर, तो एक तास तरी सोडा!