‘एक भाडेकरू’ यांना उत्तर: नोटरीच्या कागदाबद्दल

नव्या घरमालकांनी भाडेकरू कसा निवडावा, या माझ्या लेखावर ‘एक भाडेकरू’ या नावाने लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. आक्षेप असे: मी भाडेकरूला चोर समजतो. ‘खाणंपिणं आधीच विचारून घ्या’ आणि ‘शक्यतो फॅमिली बघा’ हे सल्ले भेदभावाचे आहेत. पाणी तोडणाऱ्या मालकांबद्दल मी अवाक्षर काढलेलं नाही. आणि शेवटचं वाक्य: “११ महिन्यांचा नोटरी करार अख्खं सोलापूर करतंय, तुमच्यासारखे भाडेखाऊ घरबसल्या लोकांना नोंदणीचा बागुलबुवा दाखवतात.”

भाडेखाऊ? मतभेद असू द्यात हो, पण ही काय भाषा झाली? मी निवृत्त माणूस. वरच्या दोन खोल्यांच्या भाड्यातून माझं लाइट बिल आणि औषधं निघतात. होटगी रोडला माझे टॉवर उभे नाहीत. आणि स्वतःचं नाव लपवून दुसऱ्याला नावं ठेवायला फारसं धाडस लागत नाही.

घरबसल्या म्हणता, म्हणून सांगतो. साखर पेठेतल्या आमच्या घराची माडी वडिलांनी नोटरी करूनच दिली होती. “आपल्यातलाच माणूस हाय, कशाला रजिस्टरचा खर्च?” अनामत १०,००० घेतली, कागदावर आकडा घातला नाही, पावतीही दिली नाही. मुदत संपली तरी माणूस हलेना. वाद वाढल्यावर म्हणाला, मी ५०,००० दिलेत, ते परत करा, मग जातो. आम्ही वकिलाकडे गेलो. त्यांनी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ काढून कलम ५५ वाचून दाखवलं. करार लेखी हवा, सरकारी नोंदणी कार्यालयात नोंदलेला हवा आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते खरं धरायचं; ते खोटं आहे हे सिद्ध करायचं मालकाने. वर मालकालाच ३ महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शेवटी पदरचे पैसे मोजून माडी सोडवली. तो बागुलबुवा मी जवळून पाहिलाय, साहेब.

११ महिन्यांचं हे खूळ येतं १९०८ च्या नोंदणी कायद्यातून. त्यात वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, म्हणून लोकांनी एक महिना कापला. पण आपल्या राज्यातलं कलम ५५ मुदत बघतच नाही. ३ महिन्यांचा करार असला तरी नोंदवायचा. नोटरी फक्त सही कुणी केली एवढं बघतो; त्याचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. अख्खं सोलापूर हेल्मेटशिवायही फिरतं, म्हणून काय तो नियम झाला?

आणि खर्च तरी किती? भाडं ८,०००, अनामत ३०,०००, मुदत ११ महिने धरा. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, म्हणजे सगळ्या मुदतीच्या हिशेबाने दोन-तीनशे रुपये. नोंदणी फी १,०००. ग्रामीण भागात ती ५०० आहे, हे तुम्ही लिहिलंत ते बरोबर, लेखात ते यायला हवं होतं. एजंटचे वेगळे, पण ऑनलाइन स्वतःही करता येतं. एवढ्यात मालकाला त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ चा आधार मिळतो: लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे ठरावीक काळ घर वापरू देण्याच्या कराराची, मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे या कामासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं आणि जास्तीच्या काळाची भरपाई दुप्पट दराने मागता येते. भाडेकरूचाही यात फायदाच आहे. अनामतीचा आकडा सरकारी कागदावर राहतो. पण तुम्हाला ते दिसलं नाही, कारण तुम्ही वाचलात फक्त मथळा.

बाकीचं थोडक्यात. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती देणं म्हणजे चोर समजणं नव्हे. मी माझ्या सख्ख्या मावसभावाच्या मुलाचीही दिली होती. खाणंपिणं विचारण्याबद्दल म्हणाल, तर घर माझं आहे, विषय संपला. पाणी तोडायला कलम २९ प्रमाणे मनाई आहे हे मला माहीत आहे. पण नळाला रोज पाणी न येणाऱ्या या गावात टाकीवरून होणारी भांडणं हा वेगळाच विषय आहे, आणि प्रत्येक लेखात सगळंच कोंबता येत नाही.

अनामत परत करण्याबद्दल पुढच्या लेखात लिहिणार आहे. ते आधीच ठरलं होतं, तुमच्या प्रतिक्रियेमुळे नाही.