कामिल, फाजिल आणि कलम २२

"मदरशात मौलवी घडवायला माझा टॅक्स का?" नंदूने स्कूटर स्टँडला लावायच्या आतच तोंड सोडलं. (नंदूचा टॅक्स किती, हे कट्ट्याला ठाऊक आहे.)

"सुप्रीम कोर्टाने पैशाला हातच लावला नाही," मोघेकाका म्हणाले. विद्यापीठाच्या संलग्नता विभागातून निवृत्त झालेला माणूस, कलमाशिवाय बोलत नाही. "५ नोव्हेंबर २०२४. यूपीचा २००४चा मदरसा कायदा टिकला. उडालं ते फक्त कामिल आणि फाजिल, म्हणजे बोर्डाची पदवी आणि पदव्युत्तर पदवी. यूजीसी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग, त्याच्या कायद्याचं कलम २२. पदवी देणार कोण? कायद्याने स्थापलेलं विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ, नाहीतर संसदेने खास अधिकार दिलेली संस्था. मदरसा बोर्ड यातलं काहीच नाही. त्याने बारावीपर्यंत परीक्षा घ्याव्यात."

"म्हणजे बेकायदा! मी तेच म्हणतोय."

"तू टॅक्स म्हणत होतास," रियाज म्हणाला. "सरकारच्याच कायद्याने चालणारं बोर्ड. कामिल ३ वर्षं, फाजिल २. पोरांनी फी भरली, पेपर दिले. वीस वर्षांत एकाही साहेबाने कलम २२चं पान उलटलं नाही? आता नोकरीच्या अर्जात त्या पोराने टिक कुठे करायची, पदवीधर की बारावी?"

"तोडगा आहे की," मोघेकाका म्हणाले. "बिहारमध्ये आलिम-फाजिल पाटण्याच्या मौलाना मजहरुल हक विद्यापीठाकडे दिलं. पण गंमत बघ, बिहारचा आलिम पदवीधर आणि यूपीचा आलिम बारावी! नुसतं नाव वाचून मार्कशीट तपासणारा कारकून तिथेच आपटतो."

"पण मुळात सरकारने धर्म शिकवावाच कशाला?" नंदूची गाडी त्याच स्टॉपवर.

"राज्यघटनेचं कलम २८. संपूर्ण सरकारी खर्चाने चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण नाही. अनुदानित असेल तर सक्ती नाही. धर्माचा अभ्यास मात्र वेगळा. गुरू नानकांच्या शिकवणुकीचा अभ्यास चालतो, हे सुप्रीम कोर्टात १९७१लाच ठरलंय."

"आणि नंद्या, २००१ साली यूजीसीने ज्योतिष विद्यापीठात आणलं, तेव्हा तुझा टॅक्स कुठे होता?" रियाजने विचारलं.

"ते शास्त्र आहे!"

"हो ना. छत्तीस गुण जुळवून तीन स्थळं गेली तुझी."

यावर दोन कटिंग सांडले. मोघेकाका थांबेनात. "१७८०, गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज, कलकत्त्याचा मदरसा. १८२१, आपल्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा, पेशव्यांच्या दक्षिणेच्या पैशातून. तिचं पुढे डेक्कन कॉलेज झालं, मदरशाचं आलिया विद्यापीठ. सरकारी पैसा दोन्हीकडे."

"पण काका, आमचेही काही धुतल्या तांदळाचे नाहीत," रियाज म्हणाला. "विद्यापीठाची संलग्नता घेतली की तपासणी समिती आली, पात्र प्राध्यापक आले, ग्रंथालय आलं. बोर्डाकडे ती कटकट नव्हती. व्यवस्थापनाला बोर्ड गोड लागायचं ते उगाच नाही. भोगतोय पोरगा."

मला तरी हे पटलं. नंदूला यातलं शेवटचंच ऐकू आलं.

"बरोबर! पैसा घेतला की हिशोब द्यायलाच पाहिजे. ऑडिट झालंच पाहिजे!"

"वा! मग मंडळाच्या गेल्या वर्षीच्या वर्गणीपासून सुरू करू या. ढोलपथकाचं बिल कुठंय, खजिनदार?"

नंदूने घाईघाईने खिशातून फोन काढून कानाला लावला. लावल्यावर तो वाजायला लागला.