दाजींची सही

मे महिन्यात, भर दुपारी तीन वाजता, अमळनेरच्या पत्र्याच्या खोलीत लिनक्सवर (माझ्या संगणकात विंडोजच्या जागी असलेली प्रणाली) जावाचं प्लगिन (ब्राउझरला लावायचा जोडप्रोग्राम) बसवण्याची वेळ शत्रूवरही येऊ नये. माझ्यावर आली, आणि शेजारी दाजी बसले होते. शत्रू परवडला असता. त्याला आमरस वाढावा लागत नाही.

दाजी पारोळ्याहून टेंडर भरायला आले होते. गटारीचं काम, मुदत पाच वाजेपर्यंत, आणि कागदपत्रांवर डिजिटल सही. सहीचं टोकन, म्हणजे पेनड्राइव्हसारखी कांडी, त्यांनी बंडीच्या खिशातून बिडीबंडलासोबत काढलं. साइट उघडली. म्हणाली, जावा प्लगिन सापडत नाही.

साल 2017. मार्चमध्येच माझ्या ब्राउझरची, फायरफॉक्सची, 52 वी आवृत्ती आली होती आणि तिने एक फ्लॅश (व्हिडिओ आणि गेम चालवणारं प्लगिन) सोडून सगळी जुनी प्लगिनं घराबाहेर काढली होती. क्रोमने लिनक्सवर हेच 2014 सालीच उरकलं होतं. मी पडलो नेमाने अपडेट करणारा शहाणा.

"सही करनी से ना? कागद काढ, मी आठेच करस," दाजी म्हणाले.

त्यांना समजावायला मी मसाल्याचं उदाहरण घेतलं. "दाजी, तुमच्या आई काळ्या मसाल्याचा डबा देतात, पण आत काय घातलं ते सांगत नाहीत. आतला कोड न दाखवणारं प्लगिन तसंच असतं. बिघडलं तर आपल्याला हात लावता येत नाही."

"मन्ही मायना मसाला कधी बिघडना रे?"

मसाला राहिला बाजूला, दाजी बिघडले.

मला प्लगिनवाल्यांच्या लहरींची सवय होती. फ्लॅशवाल्यांनी 2012 मध्ये लिनक्सला सांगून टाकलं होतं की 11.2 नंतर फायरफॉक्ससाठी नवी आवृत्ती नाही, फक्त सुरक्षेची डागडुजी. 2016 मध्ये, तेराव्याचं जेवण झाल्यावर माणूस दारात उभा राहावा, तसे ते परत आले. पुढे 31 डिसेंबर 2020 ला फ्लॅश सगळ्यांसाठीच गेलं, तेव्हा विंडोजवाले हळहळले. आम्ही एकदा रडून मोकळे झालो होतो.

जावाचा एक मुक्त, म्हणजे खुल्या कोडचा, पर्याय बसवून पाहिला. साइटला तो पसंत पडेना. मग आठवलं, फायरफॉक्सच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीत जुनी प्लगिनं अजून चालतात. ती उतरवायला घेतली, नव्वद टक्क्यांवर आली आणि लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी म्हणजे नावापुरती.

साडेचारला दाजींना मोटरसायकलवर घालून बाजारातल्या नेट कॅफेत नेलं. तिथल्या धुळकट विंडोजवर सही पाच मिनिटांत झाली. मी कॅफेवाल्याला विचारलं, अपडेट कधी करतो? तो अभिमानाने म्हणाला, "अपडेट? कोणाले हातच लावू देत नाही!"

टेंडर शेवटी दुसऱ्यालाच गेलं, दर कमी होता म्हणून. पण खानदेशात खापराचे उपयोग दोन: त्याच्यावर मांडे करणं आणि ते कुणाच्या तरी डोक्यावर फोडणं. दरवर्षी आमरसाच्या पंगतीत दाजी माझ्या लिनक्सवर ते फोडतात. मांडे वाढायला मीच असतो.