सराफ्याचे प्रायश्चित्त

लिपिड प्रोफाइलच्या अहवालात एलडीएलपुढे, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलपुढे, १७२ हा आकडा उमटला, तेव्हा डॉक्टरांनी अ‍ॅटोरव्हास्टॅटिनची २० मिलिग्रॅमची गोळी रोज एक अशी लिहून दिली. मी मात्र, तीन पिढ्या इंदुरात काढलेल्या घरातला माणूस, तिच्याकडे औषध म्हणून न पाहता परवाना म्हणून पाहू लागलो. दागिन्यांची दुकाने बंद झाल्यावर सराफ्यात भरणाऱ्या खाऊबाजारात गराडू (तळलेला कंद), भुट्ट्याचा कीस आणि वर मालपुवा झाला, की घरी येऊन प्रायश्चित्तादाखल एकाऐवजी दोन गोळ्या घ्यायच्या. एका गोळीने जेवढे कोलेस्टेरॉल उतरते त्याच्या दुप्पट दोन गोळ्यांनी उतरणार, हे त्रैराशिक मला शाळेतच पक्के झाले होते.

पुढे सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींपैकी एकाने या गोळ्यांनी स्नायू दुखतात असे सांगितले आणि घरी पोहोचेपर्यंत माझी उजवी पोटरी दुखू लागली.

डॉक्टरांनी प्रायश्चित्ताची हकीकत शांतपणे ऐकली. (हिने ती सांगितली, मी पोटरी दाखवत होतो.) त्यांचे म्हणणे असे, की या औषधाचा बहुतेक परिणाम पहिल्या लहान मात्रेतच मिळून जातो, त्यानंतर मात्रा दुप्पट केली तरी एलडीएल जेमतेम आणखी सहा टक्के उतरते, स्नायूंचा आणि यकृताचा धोका मात्र वाढतो, म्हणून एखादा दिवस गोळी राहिली तरी दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. माझे त्रैराशिक तिथेच निकालात निघाले. याच जातीचे सिम्व्हास्टॅटिन रात्री घेतात, माझी गोळी रोज ठरल्या वेळी कधीही चालते, म्हणजे ती सराफ्याशी जोडण्याचा आधारही गेला. क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक कोणी लिहून दिले तर या गोळीचे नाव आधी सांगा, असेही त्यांनी बजावले.

पोटरीकडे ते शेवटी वळले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात, दुष्परिणामांमुळे ही औषधे सोडलेल्या साठ जणांना काही महिने खरी, काही महिने तशाच दिसणारी पण औषध नसलेली पोकळ गोळी दिली, तेव्हा खऱ्या गोळीवर झालेल्या त्रासाचा नव्वद टक्के भाग पोकळ गोळीवरही झाला. “म्हणजे मी खोटे बोलतोय?” मी विचारले. “दुखणे खरेच असते, काका, पण ते प्रत्येक वेळी गोळीचेच असते असे नाही. या गोळीचे दुखणे बहुधा मांड्यांत किंवा खांद्यांत, दोन्ही बाजूंना असते. लघवी चहासारखी काळपट झाली, तर मात्र गोळी थांबवून तडक यायचे. स्कूटर किक मारून सुरू करता का?”

स्कूटरचे सेल्फ महिनाभर बंद होते.

सीकेची, म्हणजे स्नायूंना इजा झाली का ते दाखवणारी रक्ताची, तपासणी केली, ती ठीक आली, आणि स्कूटर मेकॅनिककडे गेली. ती परत येईपर्यंत सराफ्याला कसे जायचे, हा विषय मी घरी एकदाच काढला.