बीपी श्रीमंतांचा आजार? मग राजेंद्रनगरात कसा?

‘बीपी हा एसीत बसणाऱ्या श्रीमंतांचा आजार. अंगमेहनत करणाऱ्याला तो होतच नाही. गोळ्या खपवायला कंपन्यांनी बीपीची मर्यादा खाली आणली. गोळ्यांनी किडनी जाते. सैंधव मीठ खा, गोळ्या फेकून द्या.’ कोल्हापुरातल्या ग्रुपांवर फिरणारा हा मेसेज राजेंद्रनगरच्या कष्टकरी वस्तीत राहणाऱ्या माझ्या मावशीपर्यंत पोचला आणि धुणीभांडी करून घर चालवणाऱ्या त्या बाईनं गोळ्या बंद केल्या. “डोकं दुखत न्हाई, चक्कर न्हाई, मग गोळी कशाला?”

किडनीचं आधी बोलते, कारण सगळ्यात घातक तेच. बीपी वाढलेलं राहिलं की किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. म्हणजे किडनी घालवतं ते बीपी. टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी तर किडनी जपण्यासाठीही देतात. भ्यायचंच असेल तर दुसऱ्या गोळीला भ्या. शिरोलीच्या फौंड्रीत दिवसभर राबलेला माणूस अंग ठणकतंय म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन घेऊन टाकतो. ती रोजची झाली की बीपी वाढवते आणि किडनीलाही मारते. मेसेजात तिचा उल्लेख नाही! आणि त्रास होत नाही म्हणजे बीपी नाही, असं कुणी सांगितलं? बहुतेकांना ते जाणवतच नाही. काहींना कळतं ते थेट अंगावरनं वारं गेल्यावर.

श्रीमंतांचा आजार म्हणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार 2024 मध्ये जगात 30 ते 79 वयाच्या सुमारे 140 कोटी लोकांना उच्च रक्तदाब होता आणि त्यातले दोन तृतीयांश गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होते. आपल्या वस्त्यांत काय कमी कारणं आहेत? मिस्री, तंबाखू, दारू, रात्रपाळी, अपुरी झोप. भाजी परवडत नाही त्या दिवशी भाकरीबरोबर खर्डा, लोणचं, पापड, म्हणजे मीठच मीठ. हीच संघटना माणशी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. चार माणसांच्या घराला महिन्याला 600 ग्रॅम झालं. तुमच्याकडे किलोचा पुडा किती दिवस पुरतो, बघा.

मेहनतीनं बीपीला थोडा आळा बसतो, हे खरं. रोजचं चालणं, व्यायाम यांनी ते उतरतंही. पण ओझी वाहून, अर्धपोटी, झोपेविना राबणं म्हणजे व्यायाम नव्हे.

मर्यादा बदलली, हेही मान्य. पूर्वी 160/95 धरायचे, आता आपल्याकडे 140/90 धरतात. 160/95 च्या खालच्या बीपीनंही हृदयाला आणि मेंदूला धोका असतो, हे वर्षानुवर्षं लोकांवर लक्ष ठेवून कळलं. कंपन्यांचा फायदा झाला असेल, नाही म्हणत नाही. पण मावशीचं वरचं बीपी 170 होतं. ते जुन्या मर्यादेतही बसत नव्हतं.

राहिलं सैंधव. तेही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराईडच. वर त्यात सहसा आयोडीन घातलेलं नसतं आणि भाव साध्या मिठापेक्षा जास्त.