संगणकाचा छळ

मुळीच सुरू न होणाऱ्या संगणकाचे एक बरे असते. त्याच्याविषयी घरात मतभेद होत नाहीत. आमच्या डोंबिवलीच्या घरातला डेस्कटॉप मात्र सकाळी विनातक्रार सुरू होई, विजेचे बिल भरून देई, सौभाग्यवतींना पाककृतींचे व्हिडिओ दाखवी आणि मुलीचे शाळेचे प्रकल्प निमूट छापून देई. फक्त मी पुतण्याच्या लग्नाच्या चित्रीकरणाची काटछाट संपवून ‘एक्सपोर्ट’चे बटण दाबले, की साठसत्तर टक्क्यांच्या आसपास कुठेतरी तो जागच्या जागी हँग होई. धूर नाही, निळा पडदा नाही, सूचना नाही. माऊसचा बाण हलत नसे, कोपऱ्यातले घड्याळ थांबलेले असे, आणि पडद्यावर अंतरपाट अर्धवट खाली आलेला व नवरदेवाचे डोळे मिटलेले असत. पॉवरचे बटण चार सेकंद दाबून धरण्यावाचून त्या मंगल प्रसंगातून कोणाचीही सुटका नसे. संगणक बाकी सर्वांशी नीट वागतो आणि केवळ माझ्याशी असा वागतो, याचा अर्थ घरातल्यांनी आपापल्या परीने लावला होता.

प्रथम दुकानातला तंत्रज्ञ आला. त्याने संगणक सुरू केला, नोटपॅड उघडून बंद केले, कॅल्क्युलेटर उघडून बंद केला आणि ‘चालतंय की, काका!’ असा निर्वाळा दिला. एक्सपोर्ट लावून पाऊण तास थांबावे लागेल, असे मी सुचवताच त्याला पुढच्या दोन व्हिजिट आठवल्या. जाता जाता त्याने रॅमच्या पट्ट्या काढून मुलीच्या खोडरबराने त्यांच्या सोनेरी कडा घासल्या. हा उपाय हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण त्या कडांवर चढलेली पुटे त्याने खरोखरच निघतात आणि कित्येक बंद पडलेले संगणक त्यावर उठून बसलेले आहेत. परंतु आमचा बंद पडलेला नव्हता, तो काम टाळत होता. ‘फॉरमॅट मारावा लागेल,’ हे वाक्य उंबरठ्यावर ठेवून तंत्रज्ञ गेला.

पुतण्या पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये असतो. सासुरवाडीहून फिल्मची विचारणा रोज होत असल्यामुळे त्याने फोनवरून सूत्रे हाती घेतली. ‘काका, एका वेळी एकच गोष्ट बदलायची,’ असे बजावून त्याने मला आधी विंडोजची इव्हेंट व्ह्यूअर नावाची रोजनिशी वाचायला लावली. तिच्यात प्रत्येक वेळी ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी तांबडी नोंद सापडली, जिचा मथितार्थ एवढाच होता, की संगणक रीतसर बंद न करता एकाएकी बंद झाला. बटण माझ्याच अंगठ्याने दाबलेले असल्यामुळे ही माहिती मला नवी नव्हती. मग कॅबिनेट उघडून प्रोसेसरच्या पंख्याखालची धुळीची गोधडी काढली आणि प्रोसेसरची उष्णता बाहेर वाहून नेणारी, पण वाळून खडखडीत झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. नव्वदीपार जाणारे तापमान सत्तरीत आले, पंख्याची घरघर थांबली, आणि एक्सपोर्ट पूर्वीच्याच ठिकाणी अडकला. नुसत्या उष्णतेने हे व्हायचे असते, तर शंभर अंशांच्या जवळपास प्रोसेसर आधी स्वतःची गती कमी करतो आणि त्यानेही न भागल्यास यंत्र बंद पडते. पडदा असा शाबूत ठेवून मौन धरणे हे त्याचे लक्षण नव्हे, असे पुतण्याचे मत पडले. मग रॅमची तपासणी करणारा मेमटेस्ट हा कार्यक्रम रात्रभर लावून ठेवला. पहाटे पाणी प्यायला उठलेल्या सौभाग्यवती अंधारात उजळलेला तो निळा पडदा पाहून दचकल्या, पण रॅम निर्दोष सुटली.

आता उरला छळ. प्राइम९५ नावाच्या कार्यक्रमात ‘टॉर्चर टेस्ट’ याच नावाचा पर्याय आहे. मुळात तो मर्सेन मूळ संख्या शोधण्यासाठी १९९६ साली सुरू झालेल्या प्रकल्पाचा भाग. सतराव्या शतकातल्या मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मोपदेशकाचे नाव लाभलेल्या या संख्यांपैकी २०२४ मध्ये सापडलेली सर्वांत मोठी संख्या चार कोटी दहा लाखांहून अधिक अंकांची आहे. एवढी आकडेमोड प्रोसेसरला घाम फोडते, म्हणून लोक गणितासाठी कमी आणि यंत्राची परीक्षा पाहण्यासाठीच तो अधिक वापरतात. इंटेलने जानेवारी २०१६ मध्ये सहाव्या पिढीच्या प्रोसेसरांमधला हँग होण्याचा दोष मान्य केला, तोही हाच कार्यक्रम चालवताना उघडकीला आला होता. माझा प्रोसेसर त्या पिढीचा नसल्यामुळे एवढी प्रतिष्ठित सबब माझ्या वाट्याला आली नाही. तो तासभर मूळ संख्यांशी झगडला आणि तरला. नंतर ग्राफिक्स कार्डासाठी फरमार्क लावले. त्यात एक केसाळ कडे पडद्यावर गरगर फिरत राहते आणि त्याच्या केसागणिक कार्डाचा जीव मेटाकुटीला येतो, तेही तरले. दोन्ही मात्र एकदम लावले आणि काही मिनिटांत कडे फिरता फिरता थबकले, त्याचे केस उडालेल्या अवस्थेतच राहिले. संगणक हँग झाल्याचा आनंद झालेला माणूस घरच्यांनी त्या दिवशी प्रथमच पाहिला.

एकेकटे दोघेही निर्दोष आणि एकत्र आले की संकट, याचा अर्थ दोघांना पोसणाऱ्याच्या घरी टंचाई. आमचा एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, कॅबिनेटसोबत फुकट आलेला होता. त्याच्या लेबलावर ‘४५० वॅट’ ही अक्षरे दुकानाच्या पाटीला शोभतील एवढी होती. खाली मुंगीच्या अक्षरांत १२ व्होल्टसाठी १४ अँपिअर असे लिहिले होते. गुणाकार करून पाहा, १६८ वॅट होतात, आणि प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड या दोघांचा संसार मुख्यतः या १२ व्होल्टांवरच चालतो. तळमजल्यावरच्या इलेक्ट्रिशियनने मल्टिमीटर आणला, रिकाम्या प्लगमधल्या पिवळ्या आणि काळ्या तारेला सुया लावल्या. काम नसताना आकडा १२.०४ होता. छळ सुरू होताच तो ११.५० वर उतरला, मग ११.३१, मग ११.२२, आणि कडे थबकले. अशा डब्यांसाठी ठरवून दिलेल्या एटीएक्स नावाच्या प्रमाणानुसार पाच टक्क्यांची सूट धरून ११.४० च्या खाली उतरायला परवानगी नाही. ‘उपाशीपोटी राबवताय हो त्याला,’ असे म्हणून इलेक्ट्रिशियनने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती मी सहसा घरमालकांसाठी राखून ठेवतो.

मी जुना एसएमपीएस पिशवीत घालून, दादरला गाडी बदलून, ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोड गाठला. दुकानदाराने नवा डबा माझ्या हातात देऊन आधी वजन पाहायला लावले, कारण चांगला एसएमपीएस जड असतो, आणि लेबलातले १२ व्होल्टांचे अँपिअर न विचारताच बोटाने दाखवले. किंमत ऐकून मला फुकटच्या डब्याची थोरवी क्षणभर पटली. घासाघीस संपल्यावर त्याने जुना डबा हातात घेतला, वर-खाली झेलला आणि शंभर रुपये देऊ केले.

‘चालू आहे ना?’ त्याने विचारले.

‘चालू आहे,’ मी प्रामाणिकपणे सांगितले. ‘फक्त काम पडलं की थांबतो.’

‘मग ऑफिसच्या मशीनला बसवून टाकतो,’ दुकानदार म्हणाला आणि त्याने डबा फळीवर ठेवला.